थोड्या रानात फळबाग लावताना : कोल्हापूर जिल्ह्यातल्या लहान शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुदरगड तालुक्यात वेदगंगेच्या काठी आमचा थोडा ऊस आहे आणि वर माळाला तीस गुंठे केशर आंब्याची बाग. बाग लावल्यापासून घरी, बाजारात, लग्नाकार्यात लोक मला थांबवून विचारतात. बहुतेकांकडे एक-दोन एकर रान आहे, घरातलं कुणीतरी गोकुळ शिरगावला किंवा पुण्याला नोकरीला आहे आणि हाताशी थोडी शिल्लक आहे. ती शिल्लक बुडू नये म्हणून त्यांच्या प्रश्नांची उत्तरं इथं सविस्तर लिहिते आहे.

माझ्याकडं वीस-तीस गुंठेच आहेत. एवढ्यात बाग परवडते का?

परवडते, पण पोटापाण्याचं मुख्य साधन म्हणून तिच्याकडं बघू नका. वीस गुंठ्यांत पाच बाय पाच मीटरवर आंब्याची ऐंशी झाडं बसतात. ऐंशी झाडांचा माल घरची दोन माणसं उतरवू शकतात, घरातच पिकवू शकतात आणि ओळखीपाळखीत विकू शकतात. मजूर शोधत फिरावं लागत नाही. लहान बागेची खरी ताकद ही आहे. पाच एकरवाल्याला माल बाजारात न्यावाच लागतो, तुम्हाला लागत नाही.

ऊस काढून बाग लावू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर सहसा 'नको' असतं.

हिशोब मांडून बघा. समजा वीस गुंठ्यांत तुमचा वीस टन ऊस निघतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी केंद्रानं ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, टनाला ३,५५० रुपये होती. म्हणजे वीस टनाचे ७१,००० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, तुमचा लावणीचा आणि खताचा खर्च जातो. उरतील ते कमी असोत, पण दरवर्षी येतात. आंबा चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दाखवतो आणि नाव घेण्याजोगा माल सातव्या-आठव्या वर्षी देतो. मधल्या वर्षांत उसाचे जे पैसे आले नाहीत, तेही बागेच्या भांडवलात धरले पाहिजेत. वहीत कलमांचा, खड्ड्यांचा, ठिबकचा खर्च लिहितात आणि हा आकडा सोडून देतात. माझ्या मते बागेचा सगळ्यात मोठा खर्च तोच.

दुसरी गोष्ट कर्जाची. उसावर सोसायटीचं पीककर्ज मिळतं आणि कारखान्याच्या बिलातून परस्पर कापून घेतलं जातं. शेतकऱ्याला हप्ता आठवावा लागत नाही. बागेला अशी सोय नाही. पैसे हातात येतात आणि हप्ता आपणच जाऊन भरायचा असतो. ज्यांचं आयुष्य उसाच्या बिलावर चाललंय, त्यांना हे पहिली दोन-तीन वर्षं जड जातं.

म्हणून नदीकाठचं काळं रान उसाला राहू द्या. बाग लावायची ती माळाला, जिथं ऊस नीट येत नाही, जिथं आज नाचणी, भुईमूग नाहीतर नुसतं गवत आहे. तिथं तुमचं बुडणारं उत्पन्न थोडं असतं आणि आंब्या-काजूला तीच जमीन मानवते. माझे सासरे म्हणायचे, "काळ्या रानाला ऊस आणि तांबड्या रानाला झाड." मी आधी ऐकलं नव्हतं. खालच्या पट्ट्यात लावलेली पहिली बारा झाडं दुसऱ्या पावसाळ्यात पिवळी पडून गेली, तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं.

आपल्या भागात कोणतं फळ लावावं?

कोल्हापूर जिल्ह्याला एकच उत्तर लागू पडत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. मध्ये गाडीनं दोन तासांचं अंतर. शेजारच्या तालुक्यात चालतं ते तुमच्याकडं चालेलच असं नाही.

चंदगड, आजरा, भुदरगडच्या जांभ्या जमिनीत काजू सगळ्यात बिनघोर. सात बाय सात मीटरवर एकरी ऐंशी झाडं, वाण वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७. पहिले दोन-तीन उन्हाळे जगवलं की पुढं फारसं पाणी मागत नाही. बी साठवता येते, त्यामुळं आजचा दर पटला नाही तर आठवडाभर थांबता येतं. आंब्याला ही मुभा नाही. प्रक्रियेचे कारखाने चंदगड-आजऱ्यातच आहेत. काळजी दोनच गोष्टींची. मोहोरावर ढेकण्या ही रस शोषणारी कीड पडली की बघता बघता शेंडे काळे होतात. आणि दर आपल्या हातात नसतो, कारण कारखानदार आफ्रिकेतूनही कच्ची बी आणतात आणि ती स्वस्त झाली की इथला दर खाली येतो.

आंबा लावायचा तर घाटमाथ्यावर मी केशर सांगते. केशर मूळचा जुनागडकडचा, पण आपल्याकडं चांगला रुळलाय. हापूससारखा तो आतून साका धरत नाही, म्हणजे गर पांढरट आणि बेचव होत नाही, आणि वर्षाआड रुसण्याचं प्रमाणही कमी. हापूसचीच चव हवी असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं काढलेला रत्ना बघा. नीलम आणि हापूसच्या संकराचा हा वाण आहे, फळ मोठं आणि साका नाही. घरी खायला एक-दोन झाडं सिंधूची लावा. त्याची कोय इतकी पातळ असते की मुलं हातात घेऊन बघत बसतात.

हातकणंगले, शिरोळच्या माळाला सीताफळ आणि पेरू बरे. सीताफळाला पाणी कमी लागतं आणि जनावरं पाल्याला तोंड लावत नाहीत. पेरू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पैसे देतो, पण छाटणी आणि फळमाशी दोन्ही कडे रोज लक्ष लागतं. चिकू सावकाश वाढतो आणि पिढ्यान्पिढ्या टिकतो. खिरणीच्या खुंटावरचा, म्हणजे खिरणीच्या रोपावर कलम बांधलेला, कालीपत्ती घ्या.

ड्रॅगन फ्रूटबद्दल सध्या फार विचारणा होते. ते वेलासारखं खांबावर चढून वाढतं, एका सिमेंटच्या खांबाला चार रोपं, तीन बाय तीन मीटरवर धरलं तर एकरी चारशे-साडेचारशे खांब. पैसा त्या खांबांतच जातो. फळं लवकर लागतात हे खरं, पण सगळा खर्च पहिल्याच वर्षी एकदम करावा लागतो. शिल्लक थोडी असेल तर मी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन, निदान आधी दहा खांब लावून बघा. अव्होकॅडोच्या मुळाशी पाणी थांबलं की मूळकूज होते, त्यामुळं आमच्याकडच्या पावसात तो उतारावरच लावायचा.

जमीन चालेल का, हे कसं ओळखायचं?

माती परीक्षण कराच. सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा) आणि चुनखडी कळते. चुनखडीच्या रानात आंब्याची पानं पिवळी पडतात आणि कितीही खत घातलं तरी सुधारत नाहीत. पण कागदावर न दिसणारी गोष्ट म्हणजे निचरा, आणि ती तपासायला फावडं पुरतं.

जिथं झाड लावणार तिथं तीन फूट खोल खड्डा काढा. काठोकाठ पाणी भरा आणि ते मुरू द्या. मुरलं की पुन्हा भरा, आणि या दुसऱ्या पाण्याकडं बघत बसा. आमच्या वरच्या तुकड्यात संध्याकाळी भरलेलं पाणी जेवण होईपर्यंत गेलं होतं, तळाला तांबडा चिखल तेवढा राहिला. खालच्या पट्ट्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर खड्ड्यात आभाळ दिसत होतं. तिथंच झाडं गेली. पाणी रात्रभर थांबलं तर ती जागा आंब्याला नको. फार तर उंच गादीवाफा करून पेरू लावता येईल.

खड्डा काढताना थर पण बघा. दोन फुटांवर पक्का कातळ लागला तर झाड पाच वर्षं छान दिसेल आणि नंतर वाढ थांबेल. जांभा फुटका असेल तर मुळं वाट काढतात.

कलमं कुठून आणायची? टेम्पोवाले स्वस्त देतात.

टेम्पोवाल्याकडून घेऊ नका. हे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगते.

पहिल्या वर्षी खड्डे तयार होते, पाऊस लागला होता आणि अनुदानाची मंजुरी अजून आली नव्हती. घाईघाईनं आठवडी बाजारात उभ्या असलेल्या टेम्पोतून पंचेचाळीस 'केशर' कलमं घेतली. पावती नाही, काही नाही. झाडं जोमानं वाढली, मी खूश. पाचव्या वर्षी फळ धरलं आणि त्यातली सतरा झाडं रायवळ निघाली. लहान फळ, दोऱ्याच दोऱ्या, दर नाही. रोपाला मध्येच चीर देऊन वर पट्टी गुंडाळली होती, कलम कधी बांधलंच नव्हतं. पाच वर्षं मी त्या सतरा झाडांना पाणी घातलं होतं. त्या दिवशी बांधावर बसून मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पुढं कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानं ती झाडं तीन फुटांवर कापली, आलेल्या फुटव्यांपैकी चांगले दोन-तीन ठेवून त्यांवर केशरच्या काड्या बांधून घेतल्या. मूळ जुनं असल्यानं तिसऱ्या वर्षी फळ आलं. म्हणजे रायवळ निघालं तरी झाड उपटून टाकायची गरज नाही.

कलम हातात घेतल्यावर जोडाजवळ बघा. खरं कलम असेल तर जोडाच्या खाली आणि वर सालीचा रंग वेगळा दिसतो आणि तिथं हलकीशी गाठ अंगठ्याला लागते. फक्त सरळ रेषेतली चीर दिसली तर ठेवून द्या. पिशवीतलं मूळ बाहेर येऊन जमिनीत गेलेलं नको. उंच, लुसलुशीत कलमापेक्षा बुटकं, जाड खोडाचं कलम घ्या. लावताना जोड मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. आणि कलम धरल्यावर पट्टी सोडा. ती राहिली तर खोड वाढतं तशी आत रुतते आणि दोन वर्षांनी वाऱ्याच्या एका झोताला झाड नेमकं तिथं मोडतं. जोडाच्या खालून येणारी फूट दर पंधरवड्याला नखानं खुडायची, नाहीतर खुंट वाढतो आणि केशर मागं पडतो.

फळरोपवाटिकेला परवाना लागतो, राज्यात त्यासाठी १९६९ पासून कायदा आहे. परवान्याचा क्रमांक, जात, खुंट आणि संख्या लिहिलेली पावती मागा. तशी पावती नसेल तर अनुदानही अडकतं. कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या रोपवाटिकेत कलमांची नोंदणी बरीच आधी करावी लागते, जूनमध्ये जाऊन मिळत नाहीत.

घन लागवड करावी का?

पूर्वी दहा बाय दहा मीटरवर एकरी चाळीस झाडं लावत. पाच बाय पाचला एकशे साठ बसतात. तीन बाय दोन मीटरवर तर साडेसहाशेच्या वर. लहान रानाला पाच बाय पाच मला योग्य वाटतं. त्याहून दाट लावायचं तर दरवर्षी फळं उतरल्याबरोबर छाटणी केलीच पाहिजे. एक वर्ष चुकलं की फांद्या एकमेकींत जातात, ऊन आत शिरत नाही आणि सगळं फळ शेंड्याला लागतं. ज्यांना कात्री चालवताना हात थरथरतो त्यांनी दाट लावू नये.

खर्च किती येतो?

कलमांचा खर्च सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, पण तो सगळ्यात मोठा नाही. माझ्या बागेत सगळ्यात जास्त पैसे कुंपणाला लागले. शेळ्या, मोकाट जनावरं आणि माळावरचा वणवा, एवढ्या तिघांतून कलम वाचलं तर झाड होतं.

कुंपणाचा खर्च क्षेत्रावर नसतो, रानाच्या आकारावर असतो. तीस गुंठे म्हणजे साधारण ३,०३५ चौरस मीटर. तुकडा चौकोनी असेल तर कडेनं २२० मीटर तार लागेल, आठ फुटांवर एक धरला तर नव्वद खांब. तेच तीस गुंठे वाटणीतून आलेल्या वीस मीटर रुंदीच्या लांबट पट्ट्यात असतील तर ३४० मीटरच्या वर तार आणि एकशे चाळीस खांब. दीडपटीहून जास्त. आपल्याकडं वाटण्या होऊन अशा पट्ट्याच उरल्यात, तेव्हा आधी पावलांनी का होईना कडा मोजा. शेजाऱ्यानंही बाग लावायची ठरवली तर सामाईक बाजूचा खर्च वाटून घेता येतो. आम्ही जाऊबाईंच्या तुकड्यासकट एकच कुंपण केलं.

याशिवाय तीन गोष्टी धरा: खड्डे, ठिबक आणि दरवर्षीची मशागत. आंब्याचा खड्डा एक मीटर लांब-रुंद-खोल. तो भरायला पोयटा आणि कुजलेलं शेणखत लागतं. घरचं नसेल तर शेणखताची ट्रॉली हल्ली महाग पडते. लागवडीला जेवढे पैसे गेले तेवढेच पुढच्या तीन वर्षांसाठी बाजूला असतील तरच सुरुवात करा.

पाणी किती लागेल?

पावसाळ्यात आमच्याकडं पाण्याचा प्रश्न नसतो, तो फेब्रुवारीनंतर सुरू होतो. पहिल्या उन्हाळ्यात मी झाडाला रोज दहा लिटर धरते. १२० झाडांना १,२०० लिटर. दहा हजार लिटरची टाकी आठ दिवस पुरते. तिसऱ्या वर्षी गरज दुप्पट-तिप्पट होते.

नदीवरच्या उपसा संस्थेचं पाणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. धरणातला साठा कमी झाला की पाटबंधारे खातं उपसाबंदी लावतं, आणि ती नेमकी कडक उन्हात येते. ऊस दहा दिवस तग धरतो, पहिल्या वर्षीचं कलम धरत नाही. माळाला बोअर, शेततळं किंवा निदान टँकरची ठरलेली सोय हवी. ठिबकबरोबर झाडाच्या आळ्यात उसाचं पाचट अंथरा. पाचट जाळणाऱ्यांकडून मी ते मागून आणते. मे महिन्यात पाचट बाजूला करून बोट घातलं की खालची माती गार लागते.

अनुदान मिळतं का?

मिळतं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८-१९ पासून आहे. आपल्या भागात किमान वीस गुंठे आणि जास्तीत जास्त सहा हेक्टरपर्यंत लाभ मिळतो. कोकणात किमान दहा गुंठे आहेत, त्यामुळं तिकडच्या पाहुण्यांचं ऐकून घोटाळा करून घेऊ नका. पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येतात, आणि पुढचा हप्ता झाडं जगल्यावर अवलंबून असतो. दुसऱ्या वर्षी बागायतीत ९० टक्के, कोरडवाहूत ८० टक्के झाडं जिवंत दिसली पाहिजेत. मेलेल्या झाडांच्या जागी वेळेत नवी लावा. कुंपणाला या योजनेतून पैसे मिळत नाहीत.

जॉबकार्ड असलेल्या लहान शेतकऱ्यांना रोजगार हमीतूनही फळबाग लावता येते. महाराष्ट्रात हे १९९० पासून चालत आलंय आणि राज्यातल्या कितीतरी बागा त्यातूनच उभ्या राहिल्या. ठिबकला लहान आणि अल्पभूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत मदत मिळते. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका, आणि अनुदान मिळेल या भरवशावर उसने पैसेही घेऊ नका. खर्च आधी आपला होतो, पैसे नंतर येतात.

पहिली चार-पाच वर्षं उत्पन्न कुठून आणायचं?

ओळींच्या मधल्या जागेतून. भुईमूग, सोयाबीन, घेवडा, मिरची, झेंडू हे सगळं चालतं. द्विदल पिकांनी जमीनही सुधारते. बुंध्याभोवती तीन-चार फूट मोकळी ठेवा. मका, ऊस यांसारखी उंच पिकं घेऊ नका, कलम सावलीत लांबट होतं. पपई अनेकजण सुचवतात, पण ती विषाणूला फार लवकर बळी पडते आणि मुळाशी दोन दिवस पाणी थांबलं तरी मरते. आमच्याकडच्या जुलैत ते परवडत नाही.

आणि पहिली तीन वर्षं आलेला मोहोर काढून टाका. जिवावर येतं, मला माहीत आहे. माझ्या धाकट्यानं एक फांदी पानांखाली लपवून ठेवली होती. त्या फांदीला दोन आंबे आले आणि ते झाड वर्षभर वाढलंच नाही.

आमचं रान पुराच्या पट्ट्यात येतं. लावू का?

नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण तुमच्या गावात असेलच. तिच्या खाली बहुवर्षायू फळझाड लावू नये. पुरात गेलेला ऊस पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो, सहा वर्षांची बाग येत नाही.

गवे आणि हत्ती?

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात गव्यांचा वावर आहे, चंदगड-आजऱ्यात हत्तीसुद्धा. हत्तीला केळी, नारळ, फणस फार प्रिय, तेव्हा जंगलाच्या कडेला ही झाडं लावून त्याला वाट दाखवू नका. काजूला त्रास त्यामानानं कमी होतो. गवा कोवळे शेंडे खातो आणि कळप निघाला की कलमं तुडवली जातात. नुकसान झालं तर झाडं हलवायच्या आत फोटो काढा आणि त्याच दिवशी वनखात्याला लेखी कळवा. भरपाईच्या पंचनाम्याला सातबाऱ्यावर बागेची नोंद लागते, म्हणून दर हंगामात ई-पीक पाहणी चुकवू नका. तारेत वीज सोडण्याचा विचारही करू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसं दगावतात.

मोहोर येतो, पण गळून जातो. काय करावं?

डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा आणि दव आलं की तुडतुडे आणि भुरी एकदम वाढतात. पहाटे बागेत गेल्यावर पानांवर तुडतुड असा बारीक आवाज आला आणि पानं चिकट लागली की समजायचं. कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक मिळवून त्याप्रमाणं फवारा, दुकानदार देईल ते नको. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळा, मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसं? कल्टार, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, लहान झाडांना देऊ नका. शेजाऱ्याची बाग फुलली म्हणून सहा वर्षांच्या झाडाला दिलेलं मी पाहिलंय, ते झाड अजून सावरलेलं नाही.

माल कुठं विकायचा?

फळं-भाज्या २०१६ मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाल्या, त्यामुळं शेतावर, दारात, कुठंही विकता येतात. यार्डातही अडत आता शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदारानं द्यायची. पट्टीवर कपात दिसली तर विचारा.

मी निम्म्याहून जास्त माल कोल्हापूर शहरात थेट घरांत देते. सुरुवात नणंदेच्या राजारामपुरीतल्या शेजाऱ्यांपासून झाली. थेट विक्रीत आंबा नीट पिकलेला द्यावा लागतो, तेच कसब आहे. देठाच्या बाजूचे खांदे भरले की फळ तयार. शंका असेल तर पाण्यात टाका, तयार फळ बुडतं. सकाळी झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं), दोन बोटं देठ ठेवून उतरवायचं, चीक गळून जाईपर्यंत देठ खाली करून ठेवायचं आणि मग भाताच्या पिंजारात आढी घालायची, तीन-चार थरांपेक्षा जास्त नाही. रोज वरचे थर चाळायचे. कार्बाईडवर बंदी आहे आणि ते विष आहे, आपल्या घरी येणाऱ्या लेकराबाळांना आपण ते घालणार नाही एवढं पक्कं ठेवा.

आपल्या आंब्याला 'रत्नागिरी' किंवा 'देवगड' म्हणू नका. हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांना मिळालंय. पेटीवर आपल्या गावाचं नाव घाला. माझे गिऱ्हाईक आता गावाचं नाव घेऊन मागतात.

घाटावरचा केशर मेच्या मध्यापासून पुढं येतो, हा त्याचा धोका. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस लागून बसला आणि झाडावरच्या फळांत फळमाशी शिरली. तेव्हापासून मी सापळे एप्रिलमध्येच टांगते.

मोहोरावरच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकली तर?

नोकरीमुळं गावी राहता येत नसेल तर बरेचजण देतात. पैसे आधी मिळतात आणि धोका त्याचा. पण करार कागदावर करा. कोणती औषधं मारायची, फांद्या तोडायच्या नाहीत, कल्टार घालायचं नाही, हे त्यात लिहा. व्यापाऱ्याला यंदाचं फळ दिसतं, झाड तुमचं आहे.

एक कंपनी म्हणते, पैसे द्या, बाग आम्ही लावून सांभाळू. द्यावेत का?

१९९० नंतर साग आणि इतर झाडांच्या नावानं असे खूप पैसे गोळा झाले आणि बुडाले. त्यातूनच सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. सेबीची नोंदणी दाखवायला सांगा. ठरलेला परतावा कबूल करणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, कारण झाड कुणाला हमी देत नाही.

जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे, किंवा सामाईक खातं आहे. चालेल?

वाटणी आधी करा, बाग नंतर. सामाईक खात्यावर अनुदानाला सगळ्यांची संमती लागते, आणि झाडं फळाला आली की ज्यांनी कधी पाणी घातलं नाही तेही हिस्सा सांगतात. बायकांना वेगळं सांगते: बागेत रोज राबणार तुम्ही असाल तर सातबाऱ्यावर नाव असू द्या. नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीला पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तलाठ्याकडं अर्ज करा. बांधापासून अडीच-तीन मीटर आत लावा, शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडून भांडणं नकोत.

विमा आणि कर?

हवामान आधारित फळपीक विम्यात आंबा, काजू, पेरू, चिकू आहेत, पण तुमचं महसूल मंडळ त्या पिकासाठी अधिसूचित असावं लागतं. भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या बागेतल्या नुकसानीवर नाही. तरी घ्या. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मात्र पगारदारांनी ते विवरणपत्रात दाखवावं.

यंदाच लावायचं ठरवलं, तर कधी काय करायचं?

दिवाळीनंतर निचऱ्याचा खड्डा आणि माती परीक्षण. त्याच सुमारास कलमांची नोंदणी. जानेवारीत कुंपणाची कड मोजून तारेची चौकशी. अनुदानाचा अर्ज पोर्टल सुरू झाल्याबरोबर. मार्च-एप्रिलमध्ये खड्डे काढून उन्हात तापू द्या, निदान महिनाभर. मेच्या शेवटी तळाला पालापाचोळा, वर पोयटा, शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा, पावसानं माती खाली बसते. पहिल्या पावसात लावायची घाई नको. दोन-तीन पाऊस होऊन जमीन थंड झाली की, ढगाळ संध्याकाळी लावा. पिशवी ब्लेडनं कापा, मुळाभोवतीचा गड्डा फुटू देऊ नका, शेजारी काठी रोवून सैल गाठ मारा. आमच्याकडं पाऊस जोराचा असेल तर जुलैच्या धारा ओसरू द्या आणि ऑगस्टच्या उघडिपीत लावा. माझी दुसऱ्या खेपेची कलमं श्रावणात लावलेली आहेत, आणि त्यातलं एकही मेलं नाही.